सायकल टांगल्यानं चाक वाकत नाही, खालच्या पाइपच्या स्टँडनं वाकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके फ्लॅट, मागं ४ बाय ११ फुटांची बाल्कनी. घरात तीन सायकली: डिस्क ब्रेकची २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक), व्ही-ब्रेकची (रिमला दाबणाऱ्या ब्रेकची) एक हायब्रिड आणि बास्केट-कॅरिअरवाली लेडीज सायकल. वडिलांची जुनी काळी २८ इंची सायकल खाली पार्किंगमध्ये असते. पार्किंगमधल्या पाइपच्या स्टँडमध्ये लावून लावून एमटीबीच्या पुढच्या चाकाला दोनदा आउट आला, म्हणजे रिम वाकून चाक डगमगत फिरायला लागलं. आता सायकली बाल्कनीत टांगायच्या आहेत, पण ‘चाकावर टांगली की रिम लांबते’ असं कुणीतरी सांगितल्यामुळं हात थांबलाय.

निर्धास्त टांगा. चाकाचं काम काय असतं ते बघा. एमटीबीचं वजन १४-१६ किलो. त्यावर ७० किलोचा माणूस बसतो आणि तीच सायकल खड्ड्यात आपटते, तेव्हा चाकावर क्षणभर त्याच्या कितीतरी पट भार येतो. चाकात साधारण ३६ तारा असतात आणि चांगल्या कसलेल्या चाकात एकेक तार ८०-१०० किलोच्या ओढीनं ताणलेली असते. अशा चाकाला १५ किलोची सायकल वरून लोंबकळली, तर रिमला त्याचं काहीच वाटत नाही. सहा महिने टांगून ठेवली तरी आउट येत नाही. अपवाद एकच, कार्बनच्या खोल रिमचा. तिची आतली बाजू पातळ असते, त्यामुळं तिथं हुक टेकवण्याआधी कंपनीनं काय सांगितलंय ते पाहावं. तुमच्या तिन्ही सायकलींना अ‍ॅल्युमिनिअमच्या किंवा लोखंडी रिमा असणार, त्यांना हा प्रश्न नाही.

चाक नाजूक असतं ते आडव्या ढकलण्याला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, दोन्ही चकत्यांमधलं अंतर जेमतेम ६-७ सेंमी आणि तिथून रिम ३० सेंमी लांब. म्हणजे तारा दोन्ही बाजूंना अवघ्या ६-७ अंशांनी पसरलेल्या असतात. तंबूचे दोर खुंट्यांना अगदी खांबाजवळ बांधले तर तंबू वाऱ्याला जसा उभा राहील, तसं चाक आडव्या जोराला उभं असतं. डिस्कच्या पुढच्या हबला डावीकडं रोटरला (ब्रेक जिला पकडतो त्या पातळ थाळीला) जागा द्यावी लागते. तिथं चकती आत सरकते आणि त्या बाजूच्या तारा आणखी सरळ उभ्या होतात. तुमच्या एमटीबीचं पुढचंच चाक दोनदा गेलं, यात मला नवल वाटत नाही.

आता पार्किंगमधला स्टँड घ्या. बहुतेक सोसायट्यांत एक लांब पाइप, त्यावर उभे दांडके आणि दोन दांडक्यांच्या फटीत पुढचं चाक खुपसायचं, अशी रचना असते. ही फट चाकाला फक्त खालच्या २०-२५ सेंमीत धरते. शेजारची मोपेड काढताना कुणाचा तरी कोपर हँडलला लागला, समजा १० किलोचा धक्का बसला. हँडल जमिनीपासून १ मीटरवर आहे आणि चाक अडकलंय २५ सेंमीवर. तरफेच्या हिशोबानं रिमवर आडवा जोर येतो ४० किलोचा, आणि तोही एकाच जागी. शेजारची सायकल अंगावर कलंडली तर याहून जास्त. पहिल्यांदा थोडा आउट, पुढं चाकाचा आठ. चाकवाला तारा कसायचे निपल फिरवून सरळ करून देतो, पण ज्या तारा एकदा ढिल्या पडून पुन्हा ओढल्या गेल्या त्या लवकर तुटतात. एमटीबी पुन्हा त्या फटीत घालू नका.

वडिलांच्या काळ्या सायकलीला मागं दोन पायांचा स्टँड असेल. तोच तिचा खरा स्टँड आहे. दोन्ही चाकं सरळ राहतात, कुणाचाच आडवा जोर लागत नाही. २० किलोच्या पुढची ती सायकल, तिला टांगायचा विचारही करू नका. मडगार्ड दाबले जातील आणि उतरवताना कंबर धरेल ती वेगळीच. स्कूटरच्या खाली जिथं ऑइल-पेट्रोल ठिबकतं त्या जागेवर मात्र उभी करू नका, रबर फुगून मऊ पडतं. जिन्याखाली मीटर बोर्डासमोर किंवा जिन्याच्या वाटेतही नको. आग लागली किंवा लाइट गेली की माणसं तिथंच अडखळतात.

सोसायटी नवा स्टँड करायला तयार असेल तर उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून उलट्या यू आकाराचे पाइप करून घ्या. उंची ७५ सेंमी, रुंदी ७०-७५ सेंमी, दीड ते दोन इंची पाइप, पाय काँक्रीटमध्ये गाडलेले, दोन पाइपांत १ मीटर अंतर. सायकलची फ्रेम त्याला टेकते, कुलूपही फ्रेमलाच घालता येतं, आणि एका पाइपला दोन बाजूंनी दोन सायकली लागतात. जुनाच स्टँड सुधारायचा असेल तर चाकाला दुसरी पकड द्या: जमिनीपासून ४५-५० सेंमीवर, चाकाच्या पुढच्या कडेला, टायरच्या रुंदीपेक्षा ५-८ मिमी जास्त फटीची. रोटरची जागा जमिनीपासून साधारण २६ ते ४२ सेंमीच्या पट्ट्यात, हबच्या आजूबाजूला येते. दांडका तिथं आला तर चाक वाचेल आणि रोटर वाकेल. म्हणून पकड पुढच्या कडेलाच हवी.

बाल्कनीकडं येऊ. ४ बाय ११ म्हणजे १२२ बाय ३३५ सेंमी. उभी टांगलेली सायकल भिंतीपासून १०५-११० सेंमी बाहेर येते. लांब भिंतीवर टांगलीत तर सगळी रुंदीच गेली. त्यामुळं दोन्ही सायकली टोकाच्या, ४ फुटी भिंतीवर घ्या. एमटीबीचं हँडल ७० सेंमी धरा, हायब्रिडचं ६०. डाव्या कोपऱ्यापासून ३८ सेंमीवर पहिला हुक, उजव्या कोपऱ्यापासून ३३ सेंमीवर दुसरा. मधे ५१ सेंमी उरतात आणि दोन्ही हँडलांच्या अर्ध्यांची बेरीज होते ६५. म्हणजे एका उंचीवर टांगल्या तर हँडलं भिडणार. उपाय सोपा आहे: एमटीबी पुढचं चाक वर करून टांगा आणि हायब्रिड मागचं चाक वर करून. एकीच्या हँडलसमोर दुसरीची सीट येते. मागचं चाक वर असलं की पुढचं चाक खाली लोंबकळत फिरतं, म्हणून ते फ्रेमला वेल्क्रोच्या पट्टीनं बांधा. हे झाल्यावर बाल्कनीचे सव्वादोन मीटर मोकळे राहतात. तिथं लेडीज सायकल लांब भिंतीला समांतर, तिच्या स्टँडवर. तिला वरचा दांडा नाही, मागं मडगार्ड, पुढं बास्केट. ही सायकल टांगण्यासाठी बनलेलीच नाही. मागच्या चाकावर उभी केली की मडगार्डचं शेपूट आधी वाकतं.

हुकाची उंची टेपनं काढू नका, सायकलनंच काढा. सायकल मागच्या चाकावर उभी करा, दोन्ही टायर भिंतीला टेकवा, आणि रिमची आतली कड जिथं येते तिथं पेन्सिलनं खूण करा. त्या खुणेच्या ३-४ सेंमी वर हुकाची बैठक. मग मागचा टायर जमिनीपासून तेवढाच उचललेला राहतो आणि टांगताना सगळं वजन फक्त शेवटचे चार बोटं उचलावं लागतं. घरात सगळ्यात कमी ताकदीचं जे माणूस सायकल काढणार आहे त्याच्या हातून खूण करून घ्या. हायब्रिडसाठी हीच कृती उलटी, पुढच्या चाकावर.

हुक किमान ८ मिमी सळईचा, दोन किंवा तीन भोकांच्या पट्टीवर वेल्डिंग केलेला. भिंत आणि हुकाचं टोक यांच्यात टायर आणि रिम दोन्ही बसले पाहिजेत. २.१ इंची टायरला ९-१० सेंमी लागतात, हायब्रिडला ७-८ पुरतात. बाजारातल्या लहान हुकात एमटीबीचा टायर जात नाही आणि लोक मग तो तारांवर अडकवतात. ते मात्र चुकीचं. हुक दोन तारांच्या मधून आत जाऊन रिमवर टेकला पाहिजे, तारेवर नाही आणि व्हॉल्ववर तर अजिबात नाही. व्हॉल्व हुकापासून हातभर दूर फिरवून घ्यायचा. हुकावर रबर नसेल तर जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा ओढून बसवा. ट्यूबच्या आतल्या बाजूला थोडं पाणी लावलं की तो सहज सरकतो.

भिंत कसली आहे हे ठरवल्याशिवाय फास्टनर आणू नका. ड्रिल मारताना पडणारी भुकटी सगळं सांगते. पहिले १२-१५ मिमी प्लास्टर असतं, ते धरायचंच नाही. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, पांढरट आणि अगदी हलक्या हातानं निघणारी आली तर हलका ब्लॉक, करडी आणि ड्रिल पुढं जायला कुरकुरतंय तर काँक्रीट. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम मिळाला तर तिथंच घ्या, ८ मिमीचे दोन अँकर बोल्ट पुष्कळ झाले. विटेत ८ मिमी प्लग आणि ७५ मिमी स्क्रू, पण भोक विटेच्या पोटात हवं. सांध्यात गेलं तर बाजूला सरका. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो, कारण तो पसरताना ब्लॉकचाच चुरा करतो. तिथं ब्लॉकसाठीचे १०० मिमीचे लांब नायलॉन प्लग, किंवा त्याहून बरं म्हणजे १८ मिमी प्लायची किंवा सागवानी पट्टी आडवी मारायची, सहा-आठ स्क्रूंनी, आणि हुक त्या पट्टीवर. भार वाटला जातो, आणि पुढं हुक दोन इंच सरकवायचा झाला तर भिंतीला नवं भोक पडत नाही. भोकातली भुकटी काढायला सायकलचाच पंप वापरा, नळी आत घालून चार-पाच दाब मारा. भुकटी राहिली तर प्लग भिंतीला नव्हे, भुकटीला धरतो. बहुतेक हुक निघून येतात ते यामुळंच. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा बाजूला ड्रिल मारू नका, वायरिंगचा पाइप तिथूनच जातो. बसवून झाल्यावर दोन्ही हातांनी हुकाला लोंबकळून निम्मं वजन टाका. तेवढं धरलं तर सायकल धरेल.

भाड्याचं घर असेल आणि भोकं पाडायची नसतील तर जमीन ते छत असा ताणून बसवायचा खांब मिळतो. त्याला वर खरा स्लॅब लागतो. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला तो लावला तर पीओपी फुटून खांब आणि सायकली दोन्ही खाली येतात.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत गोष्ट वेगळी. दीड-दोन फूट जाडीची माती-विटांची भिंत, तिच्यात कुठलाच बोल्ट धरत नाही, नुसती माती गळते. तिथं तुळई वापरा. १० मिमीचा आट्यांचा हुक, आधी ७ मिमीचं भोक, आट्यांना कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि किमान ६ सेंमी लाकडात फिरवायचा. भोक न पाडता जोरानं पिळलात तर जुनं सागवान तडकतं. त्याआधी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तुळई टोचून बघा. टोक मऊ लागून आत गेलं किंवा वाळवीची माती दिसली तर ती जागा सोडा, भिंतीत घुसलेलं टोक तर विशेष तपासा. उंच छत असेल तर कप्पी आणि ८ मिमी दोरानं सायकल आडवी वर ओढून घेता येते, एक हुक हँडलला, एक सीटला. दोर बांधायची खुंटी भिंतीत पक्की हवी आणि खाली कुणी झोपत नसावं.

एमटीबीचे डिस्क ब्रेक तारेचे असतील तर हा परिच्छेद सोडून द्या. तेलाचे असतील तर एवढं करा: टांगलेली सायकल काढल्यावर दोन मिनिटं सरळ उभी ठेवा आणि दोन्ही लिव्हर आठ-दहा वेळा दाबा. तेलाच्या डबीत थोडी हवा असली तर ती उलट्या स्थितीत नळीत शिरते आणि पहिला ब्रेक स्पंजासारखा लागतो. रोज तसंच होत असेल तर टांगण्याला दोष देऊ नका, ब्रेकमधली हवा काढून घ्या.

टांगणं जमत नाही तिथं दोन सायकली भिंतीला लावून ठेवायची रीत अशी. पहिलीची डावी बाजू भिंतीकडं, म्हणजे चेन आणि डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) बाहेर. दुसरी उलट्या तोंडानं, तिला लागून. हँडल हँडलला भिडत नाही, सीटसमोर येतं. पण यात एकीचा डिरेलर दुसरीच्या पुढच्या चाकाच्या तारांसमोर येतो, आणि दाबला गेला की डिरेलर धरणारा कान वाकतो. मग गिअर उड्या मारतात आणि लोक केबल पिळत बसतात. मधे जाड पुठ्ठा किंवा दुमडलेलं पोतं घाला.

रुंदी आणखी कमी करायची तर हँडल ९० अंशात फिरवा. हँडल धरणाऱ्या स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट ४ किंवा ५ नंबरच्या अ‍ॅलन कीनं सैल करायचे, वरच्या टोपीच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो सैल केला तर हेडसेटचं (हँडलखालच्या बेअरिंगचं) अ‍ॅडजस्टमेंट जातं. ७० सेंमीची सायकल ४० सेंमीत बसते. फिरवताना ब्रेकच्या केबली ताणल्या जात नाहीत ना ते बघा. परत वापरायच्या आधी बोल्ट आवळा, पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल जोरानं पिळा. हललं तर बाहेर काढायची नाही. वर्षातून दोनदाच वापरायच्या सायकलीला हे ठीक आहे, रोजच्या सायकलीला रोज बोल्ट उघडणं बरं नव्हे.

पुढचं चाक काढून ठेवलं तर लांबी पावणेदोन मीटरवरून सव्वा मीटरवर येते. तेलाचे डिस्क ब्रेक असतील तर दोन पॅडांच्या मधे पुठ्ठ्याची चार पदरी घडी घाला. चाक बाहेर असताना कुणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटून बसतात आणि चाक परत जात नाही. काढलेलं चाक जमिनीवर रोटर खाली करून ठेवू नका आणि चाकावर चाक रचू नका. एक साधा हुक मारून रिमवर टांगा, तेच चाकाला सगळ्यात सुखाचं.

टायरमधली हवा ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. उभी सायकल हळूहळू हवा सोडते. हवा संपली की टायर रिमच्या कडेखाली घडी घालून बसतो, त्यावर सायकलचं वजन, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या घडीवर कडेला बारीक चिरा येतात. टांगलेल्या सायकलीला हा त्रास जवळजवळ नाही. जमिनीवरच्या दोन्ही सायकलींना दर पंधरा दिवसांनी हवा भरा. आकडा टायरच्या कडेला छापलेला असतो. २६ बाय २.१ ला साधारण ३५-४५ पीएसआय पुरतात. आणि बाल्कनी पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन टायरवर येऊ देऊ नका, जाड सुती चादर टाका.

चादरच, प्लास्टिक नाही. कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये लागला की आठवडे हटत नाही, आणि प्लास्टिकच्या आत कोंडलेली ओल निपल, तारा आणि चेन एकाच वेळी गंजवते. निपल गंजून तारेला धरला की पुढं आउट काढताना तार फिरत नाही, तुटते. पन्हाळ्याहून किंवा जोतिबाहून भिजून आलेली सायकल लगेच टांगू नका. उभी टांगली की सगळं पाणी उतरून खालच्या रिमात आणि सीटच्या पाइपात साठतं. फडक्यानं पुसा, दोन्ही चाकं गरागरा फिरवून पाणी झटका, चेनला तेल द्या, अर्धा तास सरळ उभी ठेवा, मग टांगा. खाली एक पोतं अंथरा.

राजारामपुरीला पुराची भीती नाही, पण शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा अशा भागांत तळमजल्यावर सायकल असणाऱ्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे ध्यानात ठेवावेत: ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ ची बातमी आली की सायकली वर न्यायच्या. २०१९ आणि २०२१ ला पाणी पार्किंगमधल्या हुकांच्याही वर गेलेल्या जागा होत्या. हब पाण्याखाली गेलं असेल तर वरून धुऊन भागत नाही. दोन्ही हब, पायडलचा एक्सेल आणि हेडसेट उघडून गाळ काढायचा आणि नवं ग्रीस भरायचं, आठवड्याच्या आत. गाळ वाळला की गोळ्या आणि कप दोन्ही खरवडून निघतात.

एमटीबीचं पुढचं चाक टांगण्याआधी एकदा नीट करून घ्या, नाहीतर आलेला आउट टांगण्यामुळं आला असं वाटेल. तपासायची रीत: सायकल उलटी न करता पुढचं चाक उचला, चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला) एक प्लास्टिकची केबल-टाय बांधा आणि तिचं टोक रिमपासून १ मिमीवर येईल असं कापा. चाक हळू फिरवा. टोक कुठंच रिमला घासत नसेल आणि फट २ मिमीच्या पुढं उघडत नसेल तर चाक ठीक आहे. मग तारा दोन-दोन बोटांत धरून जोडीनं दाबत जा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा लुळी लागली तर तिथं खडूची खूण करून चाकवाल्याला दाखवा. केबल-टाय तशीच राहू द्या. महिन्यानं, सायकल हुकावरून काढल्यावर, तेच चाक तिच्यासमोर पुन्हा फिरवून बघा.